मार्कशीटवरचा डाग

"हा डाग चहाचा का हो?" मुलाखतीत साहेबांनी बारावीची मार्कशीट उलटसुलट करत विचारलं.

"नाही सर, कृष्णेचा." पटकन तोंडातून गेलं.

ते पुण्याचे. त्यांना कळेना. मग सांगितलं, 2019 चा ऑगस्ट. आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलेलं, धोक्याची पातळी 45. आमचं सांगलीतलं दुकान पार बुडालेलं. पाणी ओसरल्यावर शटर उघडलं तर फाईल गाळात. आईनं एकेक कागद हलक्या हातानं धुतला आणि कपड्यांच्या दोरीवर चिमटे लावून वाळत घातला. पदवीचा कागद गेला, हा टिकला. (डुप्लिकेटसाठी मारलेल्या चकरांवर वेगळी पोस्ट होईल.)

"मग 2019 ते 2021 बायोडेटात रिकामं का?"

रिकामं? गाळ उपसला. होलसेलवाल्यांकडून मुदत मागून घेतली, जुनी उधारी गोड बोलून वसूल केली. जरा बस्तान बसतंय तोवर लॉकडाऊन, आणि 2021 च्या जुलैत परत पाणी. तेव्हा मात्र माल आदल्या रात्रीच वरच्या मजल्यावर चढवला होता.

हे सगळं बोललो. साहेबांनी कोऱ्या रकान्यात पेनानं काहीतरी लिहिलं आणि मार्कशीट दोन्ही हातांनी परत दिली. कळवतो म्हणाले.

त्यांनी काय लिहिलं असेल? आणि मी तिथं काय लिहायला हवं होतं?