मधाचं बोट

भर दुपारी मधाच्या बरणीत एक मेलेली मुंगी दिसते. पाय, मिशा सगळं जागच्या जागी. साध्या पाण्यात पडली असती तर एव्हाना तिचा लगदा झाला असता. मधात कुजायची सोयच नाही. पाणी असतं त्यात, १७-१८ टक्के, पण साखरेनं ते इतकं धरून ठेवलेलं असतं की जिवाणूंच्या वाट्याला काही येत नाही; उलट त्यांच्याच अंगातलं ओढलं जातं.

जखमेवर मध बांधायची युक्ती जुनी आहे. इसवी सन पूर्व १६०० च्या सुमारास लिहिलेल्या इजिप्तच्या एडविन स्मिथ पपायरस या वैद्यकीय हस्तलिखितातही चरबी, मध आणि तंतू असाच लेप सांगितलाय. मला त्यातली जास्त गंमत वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. मधमाशी मधात ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं विकर (एन्झाइम) मिसळते. घट्ट मधात ते गपगार पडून असतं. जखमेतून पाझरणारी लस मिसळून मध पातळ झाला की जागं होतं आणि हायड्रोजन पेरॉक्साइड बनवत राहतं, अगदी थोडं थोडं. बाटलीतलं पेरॉक्साइड एका दमात फसफसून संपतं, वर चांगल्या पेशीही भाजून काढतं. पण हे विकर उष्णतेला फार नाजूक. साखर धरलेला मध उकळत्या पाण्यात ठेवून पातळ केला तर खायला ठीक, जखमेला जवळजवळ साखरेचा पाकच.

आणि लोक लावतात किती? बोटावर येईल तेवढा! मधाचं बोट लावून जखम भुलत नाही. १० सेंटिमीटर लांबी-रुंदीच्या गॉजला सुमारे २० मिलिलिटर मध लागतो. तोही गॉजमध्ये मुरवायचा; थेट जखमेवर ओतला तर अंगाच्या उबेनं ओघळून जातो. गॉज जखमेच्या कडेबाहेर थोडा यायला हवा आणि त्यावर पाझर अडवणारं आवरण. सुरुवातीला लस जास्त येते, मध तिच्यात वाहून जातो, म्हणून पट्टी दिवसातून दोन-तीनदा बदलावी लागते. मग एकदा पुरते. चिकटलीच तर ओढू नये, मिठाच्या पाण्यानं भिजवून सोडवावी. लावल्यावर झोंबतं, कारण मधाचा पीएच चारच्या आसपास, चांगला आंबट. बराच वेळ झोंबत राहिलं तर मात्र धुऊन टाकावा.

मध कुठला, हाही प्रश्न आहेच. खायच्या मधात बोट्युलिझम या गंभीर विषबाधेच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात, म्हणून तर वर्षाच्या आतल्या बाळाला मध देत नाहीत. जखमेसाठीचा वैद्यकीय मध गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो. बीजाणू मरतात, विकर बहुतांशी टिकतं. उघड्या जखमेवर तोच वापरावा.

टोचलेला कान पिकला तर गणित निराळं. ते भोक म्हणजे एक बारीक नळी, आत दागिना अडकलेला. मध दोन्ही तोंडांवर बसतो, आत जात नाही, आणि वाळला की बाहेर येणारा पू तिथंच तुंबतो. त्यामुळे इथं खरं काम मिठाच्या पाण्याचं: एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम मीठ, त्यात भिजवलेला गॉज पाचेक मिनिटं धरायचा. कापूस नको, त्याचे तंतू दागिन्यात अडकतात. नंतर हवाच असेल तर मधाचा पातळ हात अर्धा तास, मग पुन्हा धुणं. दागिना फिरवत बसायचं नाही. काढायचाही नाही, भोक मिटतं आणि पू आत कोंडतो. तसंही ‘पिकलंय’ म्हणून दाखवलेल्या कानांवर बऱ्याचदा नुसती वाळलेली पिवळट लस असते, नाहीतर दागिन्यातल्या निकेलची खाज. त्याला मध काय करणार?

हे सगळं कानाच्या पाळीपुरतं. वरच्या कडेला, कूर्चेत (कानाच्या लवचीक हाडात) टोचलेलं असेल आणि तो भाग लाल, गरम, ठणकणारा झाला असेल, तर मधाच्या नादात एक दिवसही घालवू नये. तिथं बहुधा स्युडोमोनास नावाचा जिवाणू असतो आणि योग्य प्रतिजैविकंच लागतात. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. ती एकदा झडली की कान चुरगळलेलाच राहतो.