उतरायची वेळ वारा ठरवतो

रात्री एकला काठमांडूहून निघालेली जीप पहाटे साडेपाचच्या सुमारास रामेछापच्या मंथली विमानतळावर पोचली, तेव्हा तिथे आधीच शंभरेक माणसं सामान घेऊन उभी होती. ट्रेकिंगच्या ऐन मोसमात एव्हरेस्टच्या वाटेवरच्या लुक्ला गावाची बरीचशी विमानं इथूनच सुटतात, कारण काठमांडूच्या एकुलत्या एका धावपट्टीवर गर्दी होते आणि लुक्लाला उशीर चालत नाही. वजनकाट्यावर आधी बॅग ठेवली, मग पाठीवरच्या सॅकसकट मीच उभी राहिले. आजूबाजूचे सगळे मान वर करून डोंगरांकडे बघत होते. तिकडे आकाश मोकळं असलं तर विमान जाणार, नसलं तर नाही.

मला अशी ठिकाणं मनापासून आवडतात. मोठे विमानतळ सोयीचे असतात, पण बाहेर पडून टॅक्सीत बसलं की त्यातला एकही डोळ्यांपुढे राहत नाही. लक्षात राहतात ते, जिथे डोंगराने किंवा समुद्राने अटी घातल्या आहेत आणि वैमानिक त्या मुकाट्याने पाळतो. गेली काही वर्षं मी सुट्टीचा बेत आखताना आधी धावपट्टी बघते, मुक्कामाचं नंतर.

तर लुक्ला. ट्विन ऑटर हे दोन पंख्यांचं, जेमतेम वीसेक माणसांचं विमान. हवाई सुंदरीने एका ताटलीतून कापूस आणि गोळ्या फिरवल्या. कापूस कानांत घालायचा, गोळी चघळायची. मी डावीकडची खिडकी धरली होती, कारण हिमशिखरं त्या बाजूला दिसतात. मंथलीची उंची जेमतेम पाचशे मीटर, लुक्लाची २,८४५ मीटर, आणि मधला प्रवास सुमारे वीस मिनिटांचा. खालची भातशेतीची पायरी-पायरी संपली, मग जंगल आलं आणि एक खिंड इतक्या जवळून ओलांडली की तिच्यावरच्या पताका मोजता आल्या असत्या.

वैमानिकांच्या आणि आमच्या मध्ये पडदा नव्हता. समोरच्या काचेतून मला धावपट्टी दिसली, आणि ती आडवी पडलेली नव्हती, डोंगरावर शिडी टेकवावी तशी उभी दिसत होती. लांबी ५२७ मीटर, चढ ११.७ टक्के. खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत साठेक मीटरची चढण होते, म्हणजे वीस मजली इमारत. खालच्या टोकाला दरी, वरच्या टोकाला दगडी भिंत आणि तिच्यामागे डोंगर. एका ठराविक जागेनंतर विमान परत वर उचलून घ्यायला वावच नाही, उतरायलाच लागतं. त्यात चढावरच्या धावपट्टीकडे येताना डोळा फसतो. आपण आहोत त्यापेक्षा उंचावर आहोत असं वाटतं आणि हात नकळत विमान खाली घ्यायला बघतो. शिवाय हवा विरळ, त्यामुळे समुद्रसपाटीवर जितक्या वेगाने टेकता येतं त्यापेक्षा इथे साधारण पंधरा टक्के जास्त वेगाने टेकावं लागतं. हे सगळं मी आधी वाचलेलं होतं. तरी चाकं टेकली आणि विमान इंजिनं गरजवत चढ चढायला लागलं, तेव्हा मी पुढच्या सीटची दांडी दोन्ही हातांनी धरली होती. चढच ब्रेकचं काम करतो. वर पोचून विमान वळलं, दार उघडलं, आम्ही उतरलो, जाणारे चढले. पाच-सात मिनिटांत ते उताराने पळत दरीत शिरलं आणि पलीकडे हवेत तरंगलेलं दिसलं.

ही पट्टी १९६४ साली एडमंड हिलरींच्या पुढाकाराने झाली. खुंबूत, म्हणजे एव्हरेस्टच्या पायथ्याच्या मुलखात, शाळा आणि रुग्णालय बांधायचं तर सामान माणसांच्या पाठीवरून आणावं लागायचं, म्हणून त्यांना विमान हवं होतं. जमीन भुसभुशीत वाटली तेव्हा त्यांनी शेर्पा मंडळींना स्थानिक दारू पाजून तिच्यावर नाच करायला लावला आणि पायांनी ती धोपटून घेतली, ही गोष्ट लुक्लात अजून कौतुकाने सांगतात. डांबर पडलं ते थेट २००१ साली. तोपर्यंत सदतीस वर्षं विमानं मातीवरच उतरत होती. आता विमानतळाला तेनझिंग आणि हिलरी या दोघांचं नाव आहे, आणि ते तसंच असायला हवं.

परतीच्या वेळी मी तिथे दोन दिवस अडकले. लॉज चालवणाऱ्या दिदी रोज सकाळी अंगणात येऊन पताकांकडे बघायच्या. पहिल्या दिवशी ढग खालीच बसून राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी लख्ख ऊन होतं, भोंगा वाजला, चार विमानं आली नि गेली, आणि माझा नंबर यायच्या आत साडेदहा वाजले. दिदींनी हात वर करून पताका दाखवल्या. त्या दरीच्या बाजूने ताठ फडफडायला लागल्या होत्या. “आता संपलं. तुम्ही बूट काढा, आत या,” त्या म्हणाल्या. ऊन चढलं की डोंगरउतार तापतात, तापलेली हवा वर सरकते आणि तिच्या जागी दरीतून वारा चढायला लागतो. चढावर उतरणाऱ्या विमानाला तो पाठीमागून ढकलतो. सपाट मुलखात पाठीमागच्या वाऱ्याने फार बिघडत नाही, इथे ५२७ मीटरमध्ये बिघडतं. दिदींना हे शास्त्र कुणी शिकवलेलं नव्हतं. चाळीस वर्षं त्या पताका बघत होत्या.

हेच गणित लेहला मोठ्या प्रमाणावर दिसतं. तिथे ३,२५६ मीटर उंचीवर पूर्ण आकाराची प्रवासी विमानं उतरतात, आणि बहुतेक सगळी दुपार व्हायच्या आत. दुपारी वारा तर असतोच, शिवाय तापून हवा आणखी विरळ होते आणि भरलेलं विमान उचलणं जड जातं. उतरताना सिंधूचं पात्र खाली लागलं आणि स्पितुक गोम्पा इतका जवळून सरकला की गच्चीवर वाळत टाकलेला तांबडा कपडा मला स्पष्ट दिसला. मला तिथे सारखी आठवण येत होती ती २४ मे १९४८ची. सोनम नोरबू या लडाखी अभियंत्याने गावकऱ्यांना हाताशी धरून थोड्याच आठवड्यांत कच्ची पट्टी तयार केली होती, आणि एअर कमोडोर मेहर सिंग यांनी जनरल थिमय्यांना शेजारी बसवून डाकोटा तिच्यावर आणून उतरवला. विमानात हवेचा दाब राखायची सोय नाही, वाटेचे नकाशे नाहीत, खाली हिमालय. आपण गरम चहा पीत तासाभरात पोचतो ती वाट अशी पहिल्यांदा कुणीतरी काढलेली असते. विमानातून पाय खाली ठेवला की एक-दोन दिवस शांतपणे पडून राहा, हे मात्र प्रत्येकाने ऐकावंच. पहिल्या संध्याकाळी माझं डोकं जे ठणकलं, त्यानंतर मी तिथे पायऱ्यासुद्धा थांबत थांबत चढत होते.

पारोबद्दल थोडक्यात, कारण तिथे मी खिडकीतून बघण्यापलीकडे काही केलं नाही आणि बघण्यासारखं मात्र अपार होतं. भूतानमध्ये आंतरराष्ट्रीय विमानं येतात ती पारोलाच. विमान दरीत शिरतं आणि दरी वळेल तसं वळत जातं. उजवा पंख खाली गेला की उजवीकडच्या घरांच्या रंगवलेल्या खिडक्या, डावा गेला की डावीकडची पाइनची झाडं. धावपट्टी शेवटच्या वळणानंतरच समोर येते. सगळं डोळ्यांनी बघून करायचं, म्हणून अंधारात उतरणं नाही. इथे उतरायची परवानगी मोजक्याच वैमानिकांकडे आहे. १९८३ साली ड्रुक एअर सुरू झाली ती अठरा आसनांच्या डॉर्नियरने. आज त्याच दरीत एअरबस शिरते, हे तिथल्या वैमानिकांचं मला फार मोठं काम वाटतं.

डोंगराचा वारा पुरता कळला तो मात्र बेटावर, पोर्तुगालच्या मडेराला. फुंशालचा विमानतळ १९६४मध्ये उघडला तेव्हा धावपट्टी १,६०० मीटर होती, एका बाजूला खडा डोंगर, दुसऱ्या बाजूला अटलांटिक. १९७७मध्ये पावसाळी रात्री एक विमान पट्टीबाहेर गेलं, १३१ माणसं गेली. त्यानंतर पट्टी लांबवायची ठरली, पण जमीनच शिल्लक नव्हती. मग अभियंता अंतोनिओ सेगादाइंश तावारेश यांनी तिला समुद्राच्या बाजूने १८० खांबांवर उभं केलं. एकेक खांब सत्तर मीटरच्या आसपास. २००० साली ती २,७८१ मीटरची झाली.

मी गेले त्या दिवशी वारा डोंगरावरून गोते खात खाली येत होता. विमान किनाऱ्याला धरून आलं, शेवटी उजवीकडे मोठं वळण घेतलं, पट्टी समोर आली, आणि इंजिनांचा आवाज एकदम वाढून आम्ही पुन्हा आकाशात. दुसऱ्या खेपेला पट्टीवरचे टायरचे काळे पट्टे दिसण्याइतके खाली आलो आणि परत वर. मागे एक बाळ रडत होतं, बाकी विमानात चिडीचूप. कॅप्टनने सांगितलं की आपण शेजारच्या पोर्तो सांतो बेटावर जातो आहोत. त्यांच्या आवाजात जराही खंत नव्हती आणि त्या क्षणी मला तीच गोष्ट सगळ्यात दिलासा देणारी वाटली. उतरवायचं नाही हे ठरवायला जास्त धैर्य लागत असेल, असं मला तेव्हापासून वाटत आलंय. दुसऱ्या दिवशी सकाळी शांत हवेत फुंशालला पोचले आणि पहिली त्या खांबांखाली गेले. खाली मुलं खेळायची मैदानं आहेत. मी एका खांबाला पाठ टेकवून उभी राहिले. वरून विमान उतरल्याचा आवाज खाली उशिरा आणि दबका आला; पाठीला मात्र काहीच जाणवलं नाही. सिमेंट गार आणि निश्चल.

हाँगकाँगचा ‘काय ताक’ हा विमानतळ बघायचा राहून गेला याची हळहळ आहे. टेकडीवर रंगवलेला लाल-पांढरा चौकटीचा पट दिसला की वैमानिक उजवीकडे ४७ अंश वळायचे आणि इमारतींच्या डोक्यावरून धावपट्टीवर यायचे. ६ जुलै १९९८ला तो बंद झाला. अशा जागा कायम राहत नाहीत, म्हणून मी ‘बारा’ नावाच्या बेटावर जायचं पुढे ढकललं नाही.

बारा हे स्कॉटलंडच्या पश्चिमेचं छोटं बेट. तिथला विमानतळ म्हणजे त्राय व्होर हा समुद्रकिनारा. गेलिक भाषेत नावाचा अर्थच मोठा किनारा. १९३६ पासून इथे विमानं वाळूवर उतरतात, आणि किनाऱ्यावर नियमित प्रवासी विमानं उतरणारी जगात दुसरी जागा नाही. तीन धावपट्ट्या आहेत, पण जमिनीवर एकही रेघ नाही. टोकांना लाकडी खांब रोवलेत, तेवढीच खूण. भरतीला तिन्ही पाण्याखाली जातात. त्यामुळे विमानाची वेळ भरती-ओहोटीच्या कोष्टकावरून ठरवावी लागते, आणि ओहोटी तर रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते.

ग्लासगोहून निघाल्यावर तासाभराने विमान खाली आलं. तेच ट्विन ऑटर, लुक्लाचंच. पाण्यावर उतरतोय असं शेवटपर्यंत वाटत होतं, कारण ओल्या वाळूत आकाश दिसत होतं. चाकं टेकली तेव्हा धक्का बसला नाही, फस्स करून फवारा उडाला आणि खिडकीवर पाण्याचे थेंब आडवे पळाले. शिडीवरून उतरून मी वाकून वाळूला हात लावला. टणक, फरशीसारखी, वर लाटांनी काढलेल्या बारीक वळ्या. वाळूच्या कणांमधलं पाणीच कणांना एकमेकांशी धरून ठेवतं. कोरड्या वाळूत याच विमानाची चाकं रुतली असती. सगळीकडे कॉकल शिंपल्यांचे तुकडे होते आणि प्रत्येक पावलाला ते बुटाखाली कुरकुरत होते.

सामान बसथांब्यासारख्या एका शेडमध्ये आणून ठेवलं. फलकावर लिहिलं होतं, वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी वर असेल तेव्हा किनाऱ्यावर जाऊ नये. पुढच्या प्रवाशांना घेऊन विमान पाणी उडवत निघून गेलं आणि एका माणसाने येऊन पिशवी उतरवली. थोड्याच वेळात एक आजीबाई बादली आणि दाताळं घेऊन, जिथे मी उतरले होते तिथेच शिंपल्या काढायला वाकल्या. लांबवर दोन कुत्री धावपट्टीवरून पळत सुटली.

मी काठाच्या गवतावर बसून राहिले. तीनेक तासांनी पाणी यायला लागलं, लाटा अशा नव्हत्याच, पातळ चादर ओढावी तसं ते पुढे सरकत होतं. आजीबाई बादली उचलून वर आल्या आणि माझ्याकडे बघून मान हलवली. चाकांच्या दोन समांतर रेघा आधी भरल्या, मग दिसेनाशा झाल्या. संध्याकाळी ते लाकडी खांब तेवढे पाण्यात उभे होते, आणि एकावर पाणकावळा पंख वाळवत बसला होता.