दुसरा ग्लास

"अजून कोणी येतंय का?" मिसळ सांगितल्यावर पोऱ्याने विचारलं. नाही म्हटलं, तरी समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे त्याने पाण्याचा दुसरा ग्लास ठेवलाच. काठोकाठ भरून.

सकाळी गंगापूर रोडला पहिल्यांदा गाडी चालवली. चालवली म्हणजे काय, हाफ क्लचवर सरकवली. शिकवणाऱ्या दादांच्या पायाशी वेगळा ब्रेक असतो, म्हणून निभावलं. शिकाऊ लायसन्स ६ महिने चालतं, घाई नाही. मागून हॉर्नवर हॉर्न, पण घाबरायच्या ऐवजी मला सपाटून भूक लागली! म्हणून मिसळीला शिरले. एकटी, तेही पहिल्यांदाच.

लाल 'एल'च्या गाडीत बाई दिसली तर आता कोणी वळून बघत नाही. रश्श्यात पाव बुडवणारी एकटी बाई मात्र अजून कोणाची तरी वाट बघत असते म्हणे.

मैत्रिणींनो, निव्वळ भूक लागली म्हणून तुम्ही शेवटचं एकट्या कधी बसला होतात हॉटेलात?