कपाटावरचं जहाज

२००८च्या ऑक्टोबरात माझी नोकरी गेली. यंत्रांचे सुटे भाग डिझाइन करणाऱ्या एका छोट्या कंपनीत होते. मंदी आली, ऑर्डरी थांबल्या आणि एका शुक्रवारी आम्हा पाच जणांच्या हातात एकेक पाकीट पडलं. नवऱ्याची नोकरी शाबूत होती, पण घरी बसून मला वेड लागलं असतं. म्हणून वॉशिंग्टनला लागूनच मेरीलँडमध्ये एक हॉबी शॉप होतं, तिथे शनिवार-रविवारचं काम धरलं. विमानं, रणगाडे, आगगाड्या यांची प्लॅस्टिकची मॉडेल किट्स, रंगांच्या बुटक्या बाटल्या, गोंद, ब्रश, असला सगळा माल. मोडकी मॉडेलं दुरुस्त करायचं काम आपोआप माझ्याकडे आलं, कारण व्हर्नियर कॅलिपर हातात धरून काय करायचं हे दुकानात मला एकटीलाच ठाऊक होतं.

ही गोष्ट १५ नोव्हेंबरच्या शनिवारची. आदल्या दिवशी नवा बाँडपट लागला होता आणि त्याच्या आधी दिग्दर्शक जे. जे. अब्रॅम्स करत असलेल्या नव्या ‘स्टार ट्रेक’ चित्रपटाचा ट्रेलर दाखवत होते. नव्या ‘एंटरप्राइज’ जहाजाचा फोटोही त्याच आठवड्यात बाहेर आला होता. मी पोचले तेव्हा शटर अर्धंच वर होतं आणि बाहेर चार माणसं थंडीत उभी होती. एकाच्या हातात त्या फोटोचा रंगीत प्रिंटआउट, त्यावर लाल पेनाने काढलेल्या रेघा.

ज्यांनी ही मालिका कधी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. ८ सप्टेंबर १९६६ला एनबीसी या अमेरिकन टीव्ही वाहिनीवर ‘स्टार ट्रेक’ ही अंतराळप्रवासाची मालिका सुरू झाली. तिचं जहाज मॅट जेफरीज यांनी आखलं: पुढे एक मोठी बशी, तिला मान, मानेखाली लांबट पोट आणि पोटातून वर निघालेल्या दोन काड्यांवर दोन इंजिनं, सरळ नळ्यांसारखी. जेफरीज दुसऱ्या महायुद्धात बॉम्बर विमानांवर होते आणि स्वतः विमान उडवायचे. जहाजाच्या एनसीसी-१७०१ या क्रमांकातलं ‘एनसी’ अमेरिकन विमानांच्या नोंदणीतून आलंय. जहाजाचं अंग त्यांनी मुद्दाम गुळगुळीत ठेवलं. यंत्रं आत असली म्हणजे दुरुस्तीला कुणाला बाहेर अंतराळात लटकावं लागत नाही.

हा शेवटचा मुद्दा मला आमच्या नेहमीच्या मंडळींतल्या सर्वांत वयस्कर गृहस्थांनी सांगितला. मी मनात त्यांना बुवा म्हणायचे. उभा जन्म विमानतळाच्या हँगरमध्ये मेकॅनिक म्हणून काढलेला. ते जेफरीजचं नाव घरातल्या थोरल्या काकांचं घ्यावं तसं घ्यायचे.

बुवांनी प्रिंटआउट काउंटरवर पसरला आणि सुनावणी सुरू झाली. इंजिनं पुढून फुगलेली आणि मागे निमुळती, म्हणजे केस वाळवायचं यंत्र. दोन्ही एकमेकांच्या फार जवळ. मान इतकी मागे सरकलेली की बशी पुढे कलंडेल. पोट आखूड. शिवाय ट्रेलरमध्ये जहाज आयोवा राज्यात जमिनीवर बांधताना दाखवलंय, ते तर कुणालाच पचेना. एवढं धूड जमिनीवरून उचलणार कसं? आणि मूळ जहाजातल्या पाटीवर स्वच्छ ‘सॅन फ्रान्सिस्को’ असं लिहिलंय, त्याचं काय?

“हॉट रॉड केलंय त्याचं,” बुवा म्हणाले. जुन्या मोटारीचं इंजिन वाढवून, टायर जाड करून पोरं रस्त्यावर पळवतात, तसं. गंमत म्हणजे नव्या जहाजाचे डिझाइनर रायन चर्च यांच्याकडून अब्रॅम्सना नेमकं हेच हवं होतं, हे मी नंतर वाचलं. शिवी आणि शाबासकी एकच.

चाळिशीतला एक जण बराच वेळ गप्प होता. तो म्हणाला, “बशी तर ठीक आहे. ती आमच्या जहाजावरूनच घेतलीय.”

“तुमचं जहाज कुठलं?” मी विचारलं.

१९७९च्या पहिल्या चित्रपटात जहाजाचा कायापालट झाला होता. काड्या मागे झुकलेल्या, इंजिनं चपटी. हा तेव्हा शाळकरी होता आणि त्याच्या लेखी खरं एंटरप्राइज तेच. बुवांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जसं आमच्याकडे पुरणपोळीत साखर घालणाऱ्याकडे बघतात. “ते चपटं? थिएटरमधून बाहेर आल्यावर मी बायकोला म्हणालो होतो, हे इस्त्री फिरवलेलं जहाज आहे.”

“मग तेव्हा तुम्ही जे म्हणालात तेच आज आपण सगळे म्हणतोय,” तो म्हणाला.

“तेव्हा मी बरोबर होतो,” बुवा म्हणाले.

मला आजोबा आठवले. ते पुणे-मुंबई पासवाले. १९६६मध्ये, म्हणजे योगायोगाने त्याच वर्षी, डेक्कन क्वीनचे जुने डबे जाऊन पेरांबूरच्या कारखान्यातले नवे आले. त्यानंतर आजोबा तिला क्वीन म्हणेनात, “आताची गाडी” म्हणायचे. बाबांना मात्र हीच “आताची गाडी” खरी. १९९५मध्ये पुन्हा डबे बदलले तेव्हा ते आठवडाभर फुरंगटून होते. दोघंही दर १ जूनला पुणे स्टेशनवर गाडीच्या वाढदिवसाला जायचे, केक खायचे आणि परत येताना कुठल्या डब्यांची क्वीन खरी यावर भांडायचे. हे मी बुवांना सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, “आजोबांच्या वेळच्या गाडीत जेवणाचा डबा होता?” होता, मी म्हटलं. “मग आजोबा बरोबर.” बाबांच्या गाडीतही तो होता, हे सांगायचं मी टाळलं.

अकराच्या सुमारास एक बाई दहा वर्षांच्या मुलाला घेऊन आली. मुलाने काल ट्रेलर पाहिला होता आणि त्याला “ते जहाज” हवं होतं. नव्याचं किट बाजारात आलंच नव्हतं. मी त्याला कपाटावरचं मॉडेल दाखवलं. १९६६ सालापासून एएमटी ही मॉडेल कंपनी जे किट बनवते तेच, जेमतेम दीड फुटाचं. दुकान थाटलं तेव्हा मालकांनी स्वतः जोडून वर ठेवलेलं. सगळी नेहमीची मंडळी त्याच्या खाली उभी राहूनच गप्पा मारायची. बाहेरगावचा पाहुणा आला की फोटोही त्याच्यासमोरच.

मुलाने मान वर केली, डोकं एका बाजूला कलवलं आणि म्हणाला, “हे वाकडं आहे.”

“नाही रे,” बुवा समजुतीने म्हणाले, “ते तसंच असतं. नवं बघून तुला तसं वाटतंय.”

“नाही. वाकडं आहे. ही नळी खाली आलीय.”

मी स्टूलवर चढून मॉडेल खाली घेतलं, पुसलं, काउंटरवर ठेवलं. कोनमापक लावला. डावी काडी जिथे असायला हवी तिथून चार अंश खाली, उजवी दीड. डावीकडची इंजिनाची नळी त्यामुळे खाली तर आलीच होती, शेपटीकडे किंचित आत वळलीही होती. या किटचा हा दोष मॉडेलवाल्या दुनियेत सगळ्यांना माहीत आहे: काड्या नाजूक, नळ्या जड, काही वर्षांत इंजिनं माना टाकतात. माहीत नव्हता असा त्या काउंटरवर कुणी नव्हता. आणि हेच लोक सकाळपासून एका धूसर फोटोवर पट्टी ठेवून नव्या इंजिनांमधलं अंतर मोजत होते.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग चाळिशीवाला हसायला लागला आणि त्याला थांबवेना. बुवांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. एके काळी ते विमानांचे पंख नुसत्या नजरेने जोखायचे.

मुलाला बाईने शेवटी एक फायटर विमान घेऊन दिलं. जाताना त्याने जहाजाकडे पुन्हा पाहिलं नाही.

दुपारी मी दुरुस्तीला बसले आणि बुवा शेजारी स्टूल ओढून बसले, न विचारता. मालकांची परवानगी होती. जुना सांधा हळूच कापून काढला, काड्यांच्या मुळात बारीक ड्रिलने भोकं पाडली, आत पितळी सळीचे तुकडे घातले, इपॉक्सी भरलं. ते सुकेपर्यंत नळ्या हलू नयेत म्हणून लाकडी ठोकळ्यांचा आधार दिला. बुवा टॉर्च धरून होते. मूळ एंटरप्राइज, मालिकेसाठी वापरलेलं अकरा फुटी मॉडेल, तेव्हा स्मिथसोनियनच्या हवाई आणि अंतराळ संग्रहालयात तळघरातल्या दुकानात ठेवलेलं असायचं. बुवा ते वर्षातून दोनदा पाहून येत. “त्याची डावी बाजू पाहिलीस कधी?” त्यांनी विचारलं. “तिकडे रंगकामच पुरं नाही. दिव्यांच्या तारा त्या बाजूने आत जायच्या, म्हणून शूटिंग नेहमी उजवीकडून. आम्ही सगळे जन्मभर एकाच बाजूच्या प्रेमात.” एवढं बोलून ते पुन्हा टॉर्च धरून गप्प.

(मे महिन्यात चित्रपट आला तेव्हा बुवा दोनदा जाऊन आले. इंजिन रूमचं शूटिंग कॅलिफोर्नियातल्या खऱ्याखुऱ्या बिअरच्या कारखान्यात केलंय, हे कळल्यावर त्यांच्या अंगात नवी तरतरी आली. केस वाळवायच्या यंत्रावरचा त्यांचा राग त्या पिंपांकडे वळला.)

रविवारी सकाळी ठोकळे काढले. पुन्हा कोनमापक लावला. दोन्ही बाजू बरोबर, अर्ध्या अंशाचाही फरक नाही. माझ्यातल्या नोकरी गेलेल्या इंजिनियरला पाच आठवड्यांत पहिल्यांदा बरं वाटलं. मॉडेल पुन्हा कपाटावर चढवलं.

दुपारपर्यंत मंडळी जमली. वर बघितलं. चाळिशीवाला दोन पावलं मागे गेला, पुन्हा पुढे आला. बुवांनी डोकं एका बाजूला कलवलं, अगदी त्या मुलासारखं.

“कोन बरोबर आहे ना?” त्यांनी विचारलं.

“तुमच्यासमोरच तर मोजला.”

“हं.” ते आणखी थोडा वेळ बघत राहिले. “काहीतरी चुकलंय बघ पोरी. आधी बरं दिसायचं.”