घोरपड नव्हे, इग्वाना: नोंदणीचा माझा अनुभव

2024 च्या मे महिन्यात माझा भाचा नोकरीसाठी परदेशी जाताना दापोलीच्या आमच्या घरी काचेची एक पेटी ठेवून गेला. पेटीत हिरवा इग्वाना होता. मुंबईत विकत घेतला तेव्हा तो वीतभर होता म्हणे; आमच्याकडे आला तेव्हा शेपटीसकट साडेतीन फुटांचा झाला होता. तो पाच-सहा फुटांपर्यंत वाढतो आणि पंधरा-वीस वर्षे जगू शकतो, हे दुकानदाराने सांगितले नाही की भाच्याने विचारले नाही, याचा उलगडा मला अजून झालेला नाही.

"अगो, ही घोरपड आहे, वनखात्याची माणसे येतील," असे सासूबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या आणि आठवड्याभरात ती आलीही. कळवणाऱ्याचे काही चुकले नव्हते, कारण घोरपड वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि ती पाळणे हा गुन्हा आहे. वनरक्षकांनी वाकून पाहिले. घोरपडीची जीभ सापासारखी दुभंगलेली असते. आमचा प्राणी मांसल जिभेने जास्वंदीचे फूल ओढून खात होता आणि त्याच्या जबड्याजवळ रुपयाएवढा गोल खवला होता. त्यांची खात्री पटली, पण जाता जाता त्यांनी विचारले, "नोंदणी केली आहे का?"

तेव्हा कळले ते असे. वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या 'साइटिस' करारातील प्राणी 2022 च्या दुरुस्तीने आपल्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आले आणि 28 फेब्रुवारी 2024 च्या नियमांनी, असे प्राणी आधीपासून बाळगणाऱ्यांना केंद्र सरकारच्या 'परिवेश' संकेतस्थळावर नोंदणीसाठी सहा महिने दिले. त्यांतले तीन सरले होते. नोंद आधी भाच्याच्या नावावर आणि मग माझ्या नावावर हस्तांतर, असे करावे लागणार होते; ओटीपी मात्र त्याच्या बंद पडलेल्या भारतीय क्रमांकावर जात होता. खरेदीच्या पावतीवर 'पाल, हिरवी, 1 नग' एवढेच लिहिलेले होते. शास्त्रीय नाव 'इग्वाना इग्वाना' असे आहे, जे मला कितीतरी वेळ छपाईतली चूक वाटत होते. फोटो काढताना शेपटीचा जो फटका बसला, त्याचा वळ मनगटावर दोन आठवडे होता.

कागद जुळेपर्यंत जुलै उजाडला आणि प्राणी चढेनासा झाला. खालचा जबडा बोटाने दाबला तर रबरासारखा लवत होता. तालुक्याच्या दवाखान्यातील डॉक्टरांनी, गाई-म्हशींखेरीज आपला हात नाही, हे मोकळेपणाने सांगितले, म्हणून भर पावसात त्याला मुंबईला नेले. एक्स-रेमध्ये हाडे विरळ दिसली. आम्ही पेटी खिडकीशी ठेवून उन्हाची सोय केली असे समजत होतो. पण अतिनील किरणांचा जो भाग कॅल्शियम पचवण्यासाठी लागतो, तो काचेतून जवळजवळ येतच नाही. भाच्याने लावलेला दिवा फक्त उष्णता देणारा होता. त्यातच आम्ही प्रेमाने रोज पालक घालत होतो, आणि पालकातील ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवते.

डॉक्टरांनी शेवटी विचारले, "त्याचे भांडे कोण धुते आणि कुठे?" सासूबाई ते स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुवत होत्या. धडधाकट दिसणाऱ्या इग्वानाच्या विष्ठेतूनही साल्मोनेला जिवाणू पसरू शकतात आणि लहान मुले व वृद्ध यांना त्यांचा धोका अधिक असतो. सासूबाई पंच्याहत्तर वर्षांच्या आहेत. त्या दिवसापासून भांडे मागच्या पडवीबाहेर, वेगळ्या बादलीत धुतले जाते.

"सोडून द्या की बागेत," असा सल्ला देणारे अनेक भेटले. फ्लोरिडात असेच सुटलेले आणि सोडलेले इग्वाना आता उपद्रव ठरले आहेत. तिथे निदान थंडीची लाट आली की ते गारठून झाडांवरून पडतात; आमच्याकडे तशी थंडी नाही आणि जास्वंद बारा महिने फुलते.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात, भाच्याने तिकडून क्रमांक सुरू करून घेतल्यावर, अर्ज एकदाचा गेला. हस्तांतराला त्यापुढेही बरेच महिने लागले. जबडा आता घट्ट झाला आहे. योग्य दिवा इन्व्हर्टरवर जोडला आहे आणि पालक बंद आहे. सासूबाई सकाळी शेवग्याचा पाला आणि जास्वंदीची पहिली फुले त्याच्यासाठी खुडतात. देवाला तगर वाहतात.