ज्यूस फास्ट चालू असताना व्यायाम करायचा का?

दिवाळीचा फराळ संपला की आठवडाभर पोटाला आराम द्यायचा हे माझं दरवर्षीचं ठरलेलं. यावर्षी एका मैत्रिणीने पाच दिवसांचा ज्यूसचा प्लॅन पाठवला आणि मी तो मनापासून केला, सकाळी कोहळा, अकराला गाजर-बीट, दुपारी संत्री, मग पालक-काकडी, रात्री परत गाजर. बाकी जेवण बंद. व्यायाम मात्र रोजचाच चालू ठेवला, कारण प्लॅनमध्येच लिहिलेलं की घाम आला की टॉक्सिन्स लवकर बाहेर पडतात. ते वाक्य चूक आहे आणि ते अजून किती जणांच्या फोनवर फिरतंय देव जाणे, म्हणून ही पोस्ट.

माझा व्यायाम म्हणजे घरी बारा सूर्यनमस्कार आणि मग पुण्यातली पर्वती टेकडी, १०३ पायऱ्या, दोनदा वर-खाली. पहिल्या दिवशी इतकं हलकं वाटलं की मी नवऱ्याला म्हणलं तू पण कर. दुसऱ्या दिवशी मांड्या जड झाल्या, डोकं दुखत होतं. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या फेरीला अर्ध्यावर आले आणि डोळ्यांपुढे अंधारीच आली, हात थरथरायला लागले, थंड घाम, कानात नुसतं घुंऽऽ. कठड्याला धरून खाली बसले. रोज दिसणारे एक आजोबा थांबले, विचारलं "सकाळपासून काय खाल्लंयस पोरी?" मी ज्यूस म्हणलं तर काही न बोलता त्यांच्या बाटलीतलं मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी दिलं. दहा-पंधरा मिनिटांत उभी राहू शकले. आजोबा खालपर्यंत सोबत आले, त्यांचे खरंच उपकार आहेत.

घरी येऊन मग नीट वाचत बसले. आपल्या लिव्हरमध्ये साधारण १०० ग्रॅम आणि स्नायूंमध्ये ४०० ग्रॅमच्या आसपास ग्लायकोजेन, म्हणजे शरीराने राखून ठेवलेली साखर, साठवलेलं असतं, जोरात व्यायाम करताना शरीर आधी तेच वापरतं. पहिल्या दिवशी तो साठा होता म्हणून मी उड्या मारत वर गेले, तिसऱ्या दिवशी तो बराच रिकामा झालेला आणि भरायला रोजचे पाच ग्लास कुठे पुरणार, माझ्या हिशोबाने सगळे मिळून सहाशे-सातशे कॅलरी होत होत्या. प्रोटीनचं तर विचारूच नका. मोठा ग्लासभर संत्र्याच्या रसात दोन ग्रॅमसुद्धा नसतं आणि माझ्यासारख्या साठ किलोच्या बाईला दिवसाला ५० ग्रॅमच्या आसपास लागतं. ते मिळालं नाही की शरीर स्नायूंना हात घालतं, म्हणजे ज्या मांड्या कमवायला मी वर्षभर पायऱ्या चढले त्याच झिजवत होते!

आणि मीठ. घामातून पाणी आणि मीठ जातं, शरीरातला कचरा काढायचं काम लिव्हर आणि किडन्या करतात, त्यासाठी घाम गाळायची गरज नाही. फळांच्या रसात मीठ जवळजवळ नसतंच. आई हे ऐकून एवढंच म्हणाली की एकादशीला सुद्धा शेंदेलोण असतं गं, दाण्याचं कूट असतं, दही असतं, आणि उपासाच्या दिवशी आम्ही कुठे डोंगर चढायला जायचो. मला ते फार पटलं.

उरलेले दोन दिवस मी पूर्ण बदलले. सकाळ-संध्याकाळ सपाटीवर वीस मिनिटं सावकाश चालणं, थोडं स्ट्रेचिंग, अनुलोम-विलोम, कपालभाती नाही. दुपारी मीठ-जिरेपूड घातलेलं ताक सुरू केलं, प्लॅनवाल्यांना चालत नसेल तर नसेल. डोकेदुखी त्याच दिवशी गेली. सहाव्या दिवशी मुगाचं कढण आणि मऊ भात, आणि सूर्यनमस्कार त्यानंतर दोन दिवसांनी, तेही सहाच.

वजन अडीच किलो उतरलेलं, आठवड्यात त्यातलं दोन परत आलं. ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमसोबत तीनेक ग्रॅम पाणी साठतं, साठा रिकामा झाला की ते जातं आणि जेवायला लागलं की परत येतं, त्यामुळे वजनकाटा बघून खूश व्हायचं काही कारण नव्हतं.

दुधीचा रस घेणाऱ्यांनो, आधी थेंबभर चाखून बघा, कडू लागला तर सरळ ओतून टाका, दुसऱ्या रसात मिसळून पिऊ नका, त्याने जीव गेलेले आहेत. शुगर किंवा बीपीच्या गोळ्या चालू असतील, किडनीचा त्रास असेल, दिवस गेलेले असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करूच नका. माझ्या वहिनीला शुगरच्या गोळ्या आहेत, ती माझं बघून सोमवारपासून सुरू करणार होती, काल रात्री तासभर फोनवर बोलून तिला थांबवलं. ती आता रोज संध्याकाळी माझ्यासोबत चालायला येणार आहे, जेवूनखाऊन.