जाताना सव्वासात तास, येताना पावणेसहा

लंडनचं हीथ्रो ते न्यूयॉर्कचं जेएफके, हवाई अंतर सुमारे ५,५५० किलोमीटर. गेल्या जानेवारीत आठवडाभरात मी ते दोनदा पार केलं. तिकिटावर जाताना आठ तास आणि येताना सात लिहिले होते, पण त्यात धावपट्टीपर्यंतची रांगही धरलेली असते. मला उत्सुकता होती ती हवेतल्या वेळेची.

सकाळी साडेअकराला विमान उडालं आणि मी समोरच्या पडद्यावर नकाशा लावला. न्यूयॉर्क लंडनच्या बरंच दक्षिणेला आहे, तरी आयर्लंड ओलांडून आम्ही वायव्येला चढतच राहिलो, पार ग्रीनलंडचं दक्षिण टोक नकाशावर जवळ येईपर्यंत. पृथ्वी गोल, त्यामुळे इथला जवळचा रस्ता तसाही उत्तरेला वाकतो. त्या दिवशी तो आणखी वर गेला तो वाऱ्यामुळे. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेला वाहणारा जेट स्ट्रीम हिवाळ्यात फार जोरात असतो, कारण ध्रुवाकडची थंडी आणि विषुववृत्ताकडची ऊब यांतली तफावत तेव्हा वाढते. अटलांटिकवरचे विमानमार्ग म्हणूनच रोज नव्याने आखतात: दिवसा पश्चिमेला जाणाऱ्यांसाठी वारा टाळून, रात्री पूर्वेला जाणाऱ्यांसाठी वारा पकडून. एवढा वळसा घालूनही आमचा वेग ताशी ७९० किलोमीटरच्या वर जाईना. सव्वासात तासांनी उतरलो तेव्हा तिथे पावणेदोन वाजले होते.

परतीचं विमान रात्री सव्वानऊचं. न्यूफाउंडलंड मागे पडलं आणि पडद्यावर आकडा आला १,०८०! शेजारचा कॉलेजातला मुलगा दचकलाच. त्या उंचीवर आवाजाचा वेग साधारण १,०६० असतो, हे त्याला ठाऊक होतं. पण भोवतीच्या हवेत विमान नेहमीसारखं ९०० च्या आसपासच जात होतं. हवाच आम्हाला घेऊन पूर्वेला पळत होती. अशाच वादळी वाऱ्यावर स्वार होऊन फेब्रुवारी २०२० मध्ये एक ७४७ विमान न्यूयॉर्कहून ४ तास ५६ मिनिटांत लंडनला पोचलं होतं. कॉन्कॉर्डला १९९६ मध्ये २ तास ५३ मिनिटं लागली होती, पण ते खरोखर आवाजापेक्षा वेगाने उडायचं, त्याची गोष्ट वेगळी.

आम्ही वेळेआधी आलो खरे, पण हीथ्रोला सकाळची गर्दी होती. लंडनच्या आधीच विमान घिरट्या घालू लागलं. पडद्यावर उरलेलं अंतर ४० किलोमीटर, मग ४६, मग पुन्हा ४०. तो मुलगा आता माझ्याच पडद्यात डोकावून फेऱ्या मोजत होता. तिसरी फेरी संपली, पंख कलला, आठ वाजता चाकं टेकली. बाहेर जेमतेम उजाडत होतं.